आठ ट्रॅकची चाळ

प्रमिलाकाकूंच्या दाराची बेल वाजवली की दार उघडत नाही. आधी आतून प्रश्न येतो, "विषय?"

नाव सांगून भागत नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा "मी शेजारची" म्हणाले होते. आतून उत्तर आलं, "ते झालं अर्जदाराचं नाव. विषय काय?" मी घाबरून "कुरियर" म्हणाले. वॉचमनने आमचं पार्सल त्यांच्याकडे ठेवलं होतं. दार उघडलं, पार्सल माझ्या हातात आलं, आणि "कुरियर. निकाली," असं म्हणून दार पुन्हा बंद झालं.

मला हे फार आवडलं. मी माणसांना बिचकते. लिफ्टमध्ये कुणी असलं की मोबाइलवर महत्त्वाचा मेसेज आल्याचं सोंग करते. कुणाशी बोलायची वेळ आली तर सुरुवात कुठून करायची हेच मला कळत नाही. इथे एक बाई स्वतःच सांगत होत्या की सुरुवात नकोच, थेट विषयावर ये.

आमचा टॉवर काळाचौकीत, एका जुन्या चाळीच्या जागेवर उभा आहे. आम्ही फ्लॅट विकत घेऊन नंतर आलो. काकू मूळच्या. चाळ पाडली तेव्हा बाहेर गेल्या आणि टॉवर झाल्यावर परत आल्या. अशा परत आलेल्यांची संख्या कमीच. बाकीच्यांनी जागा विकल्या आणि कुणी विरारला, कुणी डोंबिवलीला गेले. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला असतो. काकूंनी सगळी नोकरी एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड विभागात केली आणि निवृत्त होताना तो विभाग मनातल्या मनात घरी घेऊन आल्या.

त्यांच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आहे. 'तूरडाळ, चालू.' 'तूरडाळ, राखीव.' लोणचं मुरायला ठेवलेल्या बरणीवर 'प्रलंबित'. फ्रिजमधल्या कालच्या आमटीवर 'तातडीचे'. मी एकदा हसले, तर म्हणाल्या, "हसतेस काय? आमच्या सेक्शनला कागद मागितला की साहेबाचा चहा संपायच्या आत टेबलावर. आणि तुझ्या आईला काल हिंग सापडत नव्हता. आवाज आला मला भिंतीतून."

एक दिवस बेल वाजवली तर आतून 'विषय?' आलाच नाही. दार उघडंच होतं. काकू म्हणाल्या, "ये. तू ते आवाजाचं काम करतेस ना गं?"

मी घरून काम करते. एक कंपनी गोष्टी रेकॉर्ड करून लोकांना ऐकवते, त्या गोष्टींमधले खोकले, अडखळणं, पानांची सळसळ मी कापून काढते. मी मान हलवली.

"बोल की तोंडाने! इंग्लिश मीडियमवाले इतकं हळू का बोलता? फी तर भरली होती ना तुझ्या बाबांनी?"

जेवणाच्या टेबलावर, प्लॅस्टिकच्या टेबलक्लॉथवर, पोळपाटाएवढं एक काळं यंत्र होतं. त्यावर आठ दांड्या, आठ लाल बटणं आणि एक छोटा पडदा. आठ ट्रॅकचा डिजिटल रेकॉर्डर. काकूंनी तो लॅमिंग्टन रोडवरून स्वतः आणला होता. दुकानदाराने "नातवासाठी का?" असं विचारलं, म्हणून त्याला माहितीपुस्तकातले प्रश्न विचारून घाम फोडून आल्या होत्या.

या खरेदीमागे गणपती होता. चाळीच्या गणपतीत पहिल्या संध्याकाळी आरतीनंतर बायकांचं भजनी मंडळ गायचं. चाळ पडली, मंडळ पांगलं, तरी बायका दरवर्षी त्या संध्याकाळी कुठून कुठून यायच्या. पण आता प्रत्येकीच्या घरी सून आली, प्रत्येकीच्या घरी वेगळा गणपती बसू लागला. पहिल्या दिवशी घर सोडून येणं कुणालाच जमेना. उरल्या होत्या पाच जणी: काकू, नलू, शैला, मालती आणि कुंदा. त्यातच सोसायटीचे सेक्रेटरी दिवेकर यांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं होतं, "मंडळ येणार नसल्यास पहिल्या दिवशीची वेळ झुंबाला द्यावी काय?" खाली बरेच अंगठे आले होते.

"एकदा वेळ गेली की गेली," काकू म्हणाल्या. "फाइल एकदा रेकॉर्डला गेली की कोण बाहेर काढतंय?"

म्हणून हे यंत्र. चौघी एकाच दिवशी येऊ शकत नव्हत्या, पण श्रावणात आपापल्या सवडीने एकेकटी येऊ शकत होती. प्रत्येकीने वेगळ्या दिवशी गायचं, प्रत्येकीचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर ठेवायचा, आणि शेवटी सगळे ट्रॅक एकत्र वाजवायचे. जे मंडळ एका खोलीत कधी जमणार नव्हतं ते त्या पोळपाटावर जमणार होतं.

मला यंत्रातलं थोडंफार कळतं असा माझा समज होता. काकूंनी मला ते नव्याने समजावलं.

"हे कार्ड," त्या नखाएवढं मेमरी कार्ड दाखवून म्हणाल्या, "म्हणजे आपला प्लॉट. त्यावर प्रोजेक्ट नावाचं फोल्डर, ती चाळ. प्रत्येक गाण्याची चाळ वेगळी. चाळीत आत आणखी एक फोल्डर, त्यात आवाजाच्या फायली, ती बिऱ्हाडं. प्रत्येक बाईचं बिऱ्हाड वेगळं. नलू खोकली तर नलूच्याच खोलीत खोकणार. शैलाच्या गाण्याला धक्का नाही. आमच्या खऱ्या चाळीत असं असतं तर निम्मी भांडणं झाली नसती."

"आणि ही?" मी पडद्यावरच्या एका छोट्या फाइलकडे बोट दाखवलं. तिच्यात आवाज नव्हता.

"तो भाडं गोळा करणारा मेहता. त्याला गाता येत नाही. पण कोण कुठल्या खोलीत राहतं, कुणाचा आवाज किती मोठा ठेवायचा, कुणाला कुठे बसवायचं, ते सगळं त्याच्या डोक्यात."

मी रोज असल्या फायली उघडते आणि बंद करते. तरी त्या दुपारी मला पहिल्यांदाच जाणवलं की गाणं म्हणून एक फाइल तिथे कुठेच नसते. एकेकटे आवाज असतात, आणि ते कसे एकत्र बसायचे हे लक्षात ठेवणारी एक मुकी फाइल असते. बटण दाबलं की त्यातून गाणं होतं. थांबवलं की पुन्हा सगळे आपापल्या खोलीत.

यंत्राची इंग्रजी बटणं काकूंनी कधीच मान्य केली नाहीत. ट्रॅक म्यूट करणं म्हणजे 'निलंबित'. एकच ट्रॅक ऐकणं म्हणजे 'स्वतंत्र सुनावणी'. "शैलाला निलंबित कर जरा, नलूची स्वतंत्र सुनावणी घेऊ," असं त्या म्हणायच्या आणि मी हसू गिळून बटण दाबायची.

पहिल्या ट्रॅकवर काकूंनी टाळ घेऊन स्वतः सगळं भजन गायलं होतं. हा 'मार्गदर्शक'. येणारी बाई हेडफोनमध्ये फक्त तो ऐकायची आणि त्याच्याबरोबर गायची. दुसऱ्या कुणाचा आवाज काकू तिला ऐकवत नसत. "शैलाला नलूचा आवाज ऐकवला तर ती चढणार. मग नलू रुसणार. मंडळ मी चालवलंय, मला माहितीय." मार्गदर्शकाच्या सुरुवातीला काकूंनी बराच वेळ रिकामा सोडला होता. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर बाईला पदर सावरून, घसा खाकरून बसायला वेळ हवा. मग टाळ सुरू व्हायचे. टाळांपाशी काकूंनी यंत्रात खूण करून ठेवली होती आणि ऐकताना आम्ही नेहमी तिथूनच ऐकायचो.

श्रावण संपता संपता चारही आवाज झाले. मग माझ्या आईला बोलावून काकूंनी एक चाचणी ऐकवली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. काकू म्हणाल्या, "रडू नका, अजून मसुदा आहे."

आणि मग काकूंनी ती चूक केली, जी रेकॉर्ड विभागात जन्म काढलेलं माणूसच करू शकतं.

गणपती अगदी तोंडावर आले होते. कार्डाची एक प्रत असावी म्हणून त्यांनी ते मुलाच्या जुन्या लॅपटॉपला लावलं आणि चाळीच्या आत पाहिलं. यंत्राने बायकांना दिलेली नावं त्यांना दिसली. मोनो शून्य-शून्य-दोन. मोनो शून्य-शून्य-चार. मोनो शून्य-शून्य-सात. माणसांना अशी नावं? काकूंना ते बघवेना. त्यांनी ती सगळी दुपार बसून प्रत्येक फाइलला रीतसर नाव दिलं. 'नलिनी, डोंबिवली, अंतिम.' 'शैला, विरार, अंतिम.' 'शैला, विरार, अंतिम, सुधारित.' 'शैला, विरार, अंतिम, सुधारित, खरे.' मग समाधानाने कार्ड परत यंत्रात घातलं.

यंत्राने चाळ उघडली. आठही खोल्या रिकाम्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बेल वाजली. मी दार उघडलं. काकू उभ्या होत्या, केसांना फणी नव्हती. मी वाट पाहिली, पण विषय त्यांना सांगताच येईना. शेवटी म्हणाल्या, "सगळ्या गेल्या गं. एकही नाही. आणि चार वाजता दिवेकर ऐकायला येतोय. नाही ऐकवलं तर झुंबाला देतो म्हणाला."

मी कार्ड लॅपटॉपला लावलं. बायका होत्या. सगळ्या होत्या, सुवाच्य मराठी नावांनी. पण यंत्रातला तो मेहता कुणालाच नावाने ओळखत नव्हता. त्याला फक्त खोली नंबर ठाऊक होते. शून्य-शून्य-तीन कुठे आहे, असं तो विचारत होता आणि समोर 'नलिनी, डोंबिवली' उभी असूनही, रिकामं, असं सांगत होता.

"मग परत जुने नंबर दे," काकू म्हणाल्या.

"कुणाचा कुठला होता?"

ते काही काकूंनी टिपून ठेवलं नव्हतं. यंत्र रेकॉर्डिंगच्या क्रमाने नंबर देतं. म्हणजे कोण कधी गायली, हे कळलं की झालं. मी फायलींच्या तारखा पाहिल्या. सगळ्यांची तारीख एकच, एक जानेवारी.

"असं कसं?"

"काकू, तुम्ही बॅटऱ्या काढून ठेवता का यातल्या?"

"म्हणजे काय? रोज! टॉर्चमधल्या नाही काढत आपण? पाझरतात मेल्या."

बॅटरी काढली की यंत्राचं घड्याळ पुसलं जात होतं. यंत्राच्या लेखी चारही बायका एकाच दिवशी, नववर्षाच्या मुहूर्तावर गायल्या होत्या.

"आधी शैला आली," काकू म्हणाल्या. "मग मालती. नाही, मालतीला मी वाटली डाळ दिली होती. म्हणजे... थांब." त्यांनी डोळे मिटले. नंतर बोलल्या त्या आत्मविश्वासाने, आणि तसे नंबर मी दिले. यंत्राने चाळ उघडली, खोल्या भरल्या, आम्ही बटण दाबलं. नलूकाकूंचा आवाज बारीक म्हणून त्यांच्या खोलीचा आवाज मोठा ठेवलेला होता. त्या खोलीत आता शैलाकाकू शिरल्या होत्या. शैलाकाकूंचा आवाज म्हणजे विरारहूनही ऐकू यावा असा. स्पीकर थरथरला, शोकेसमधली काच वाजली, खालच्या मजल्यावरून कुणीतरी इंटरकॉम केला. शैलाकाकूंच्या खोलीत नलूकाकू मुंगीसारख्या गात होत्या.

"निलंबित कर, निलंबित कर!" काकू ओरडल्या.

आता एकच मार्ग होता. प्रत्येक फाइलची सुरुवात लॅपटॉपवर ऐकायची. टाळांच्या आधी, बाई बसता बसता जे बोलली असेल, त्यात कुठे दिवस सापडतो का ते बघायचं.

मालतीकाकू म्हणत होत्या, "आज चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून सवड मिळाली बाई." काकूंनी टिचकी वाजवली. "नागपंचमी! ही पहिली." नलूकाकू म्हणत होत्या, "नारळीभात खाऊन आलेय, आवाज चिकटलाय." ही पौर्णिमा. कुंदाकाकूंच्या एका फाइलमध्ये "आज उपास" एवढंच होतं. "कुंदाचा कधी नसतो?" काकू वैतागल्या. पण मागे, लांबून, खिडकीबाहेरून गोविंदांच्या शिट्ट्या आणि 'थर लाव, थर लाव' ऐकू येत होतं. गोकुळाष्टमी. कुंदाकाकूंना त्याआधी, पौर्णिमेनंतर लगेच, एकदा आवाज बसला म्हणून परत पाठवलं होतं. ती फाइल शिंकेवरून सापडली. शैलाकाकू म्हणत होत्या, "उद्या पिठोरी, पुरण शिजत टाकून आलेय, लवकर आटप." म्हणजे शेवटची. आणि त्यांच्या तीन फायलींचा आपसातला क्रम काकूंच्याच नावांनी दिला. अंतिम, सुधारित, खरे.

मी थक्क होऊन बघत होते. मी आजवर अशा किती सुरुवाती कापून फेकल्या असतील. त्यात सणवार असतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

शेवटचा नंबर टाकला तेव्हा बेल वाजली.

काकू बसल्या जागेवरून ओरडल्या, "विषय?"

"दिवेकर! झुंबा!"

दिवेकर स्वभावाने वाईट नव्हते. घड्याळाकडे बघत सोफ्याच्या कडेला बसले. "काकू, गैरसमज नको, पण रेकॉर्ड वाजवण्यात लोकांना इंटरेस्ट नसतो. आणि क्वालिटी पण बघायला लागेल ना."

"आधी ऐका," काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं.

कार्ड यंत्रात गेलं. पडद्यावर एकेक खोली उजळली. सगळ्या फायली जागेवर आहेत ना ते बघायचं होतं, म्हणून मी टाळांच्या खुणेवर न जाता अगदी शून्यापासून लावलं.

आणि खोली बायकांनी भरली.

"पमे, पाणी दे गं आधी." "काय ऊन आहे का काय हे!" "मला काहीच ऐकू येत नाहीये कानात." "मोठ्याने बोल की गं, पुटपुटतेस काय!" कुणीतरी हसलं. कुणाच्या बांगड्या टेबलावर आपटल्या. "पमा, चहात साखर नको हं मला." "लिफ्ट काय घाबरवते तुमची." पुन्हा हसणं.

या चौघी श्रावणात एकमेकींना भेटल्याच नव्हत्या. प्रत्येकीने त्या रिकाम्या वेळात, समोर एकट्या बसलेल्या काकूंशी बोलून घेतलं होतं. पण यंत्राने सगळ्यांचं शून्य एकच धरलं होतं. नलूकाकूंनी पौर्णिमेला केलेल्या तक्रारीवर मालतीकाकू नागपंचमीला बोलत होत्या, आणि त्यावर कुंदाकाकू अष्टमीला हसत होत्या. चौघी एकाच वेळी, एकीच्या बोलण्यात दुसरी, सतरंजीवर जागा करत बसत होत्या. डावीकडे दाराशी शैला, उजवीकडे खिडकीशी नलू. काकूंनी यंत्रात त्यांना चाळीतल्या जुन्या जागांवरच बसवलं होतं.

दिवेकरांनी मान वर केली. "हा गोंगाट कसला? गाणं कुठेय?"

माझं बोट सवयीने खुणेच्या बटणावर गेलं. काकूंनी माझा हात धरला.

"बसतायत अजून," त्या दिवेकरांना म्हणाल्या. "थांबा जरा."

त्या गलबल्यातून शैलाकाकूंचा आवाज वर आला. "पमे, पंखा लाव ना. जीव चाललाय." लांबून, बारीक, काकूंचंच उत्तर होतं, "नाही लावणार. माइकमध्ये भर्र येतं." "मेली खाष्ट ती खाष्टच!"

काकू खुर्चीवरून उठल्या, भिंतीपाशी गेल्या, आणि पंखा लावला. मोठा केला.

मग टाळ सुरू झाले, आणि यंत्रातल्या काकू धरून पाचही जणी गायल्या.

संपलं तेव्हा दिवेकर सोफ्यावर मागे टेकून बसले होते. त्यांनी घड्याळाकडेही पाहिलं नाही. मग म्हणाले, "आरतीनंतर लगेच लावू. झुंबा दुसऱ्या दिवशी. फक्त ते सुरुवातीचं बोलणं कापाल ना?"

"का? बायका आल्या की आधी बोलणारच," काकू म्हणाल्या. "पहिल्यापासून वाजेल. लिहून घ्या."

दिवेकरांनी खरंच मोबाइलवर लिहून घेतलं. दाराशी जाऊन चप्पल घालताना त्यांनी विचारलं, "काकू, ही पमा कोण?"

"आहे एक," काकू म्हणाल्या. "विषय निकाली. या आता."

दार लागलं. मी कार्डाची प्रत करायला बसले, नंबरांना हात न लावता. काकूंनी दिवेकरांचा रिकामा ग्लास उचलून आत ठेवला. परत येऊन माझ्या शेजारी बसल्या. टेबलक्लॉथवरची नसलेली सुरकुती हाताने सारखी केली.

"परत लाव," त्या म्हणाल्या.

मी टाळांच्या खुणेवर गेले.

"ते नको गं," काकू म्हणाल्या, इतक्या हळू की मला पुढे झुकावं लागलं. "गाणं नको. पहिल्यापासून लाव. टाळ वाजेपर्यंतच."